‘अँटिव्हायरस टाकून देऊ?’ नको, आधी बॅकअप

घरच्या विंडोज कॉम्प्युटरसाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची बहुतेक घरांना गरज नाही. जो लागतो तो विंडोजमध्ये आधीच आहे, चालू आहे आणि त्याचे पैसे तुम्ही लॅपटॉपच्या किमतीतच भरलेले आहेत.

हे दुकानात कोणी सांगत नाही. दुकानात विचारतात, “अँटिव्हायरस टाकून देऊ ना? एक वर्षाचा की तीन वर्षांचा?” घ्यायचा की नाही हा पर्याय त्या प्रश्नात नसतोच. नव्या लॅपटॉपसाठी एवढे पैसे मोजल्यावर आणखी हजार-दीड हजारांनी काय होतंय, असं वाटतं आणि आपण हो म्हणतो. पुढच्या वर्षी स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट येते, ‘तुमचं संरक्षण संपलं आहे’. घरातले आजोबा घाबरतात, मुलगा पुण्याहून किंवा अमेरिकेतल्या प्लॅनोहून फोनवर सांगतो, “करून टाका रिन्यू.” पैसे जातात, भीती तेवढी घरात राहते.

गेली पंधरा वर्षं हा व्यवहार आपल्याकडे असाच चालू आहे. तो थांबवायला हवा. पैसे वाचतील हा त्यातला लहान फायदा. मोठा मुद्दा असा की, हा एक खर्च केला की घरातले लोक निर्धास्त होतात आणि ज्यानं खरोखर फोटो, कागदपत्रं, बँकेतले पैसे वाचले असते ते काम करायचंच राहून जातं.

* * *

अँटिव्हायरस हवाच, ही समजूत एके काळी पूर्ण खरी होती. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवर बसून जगभर गेला. १९९०च्या सुमारास ‘जोशी’ नावाचा व्हायरस पसरला. तो भारतातच जन्मला असं मानतात. दर ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. पुढे विंडोज ९५, ९८, एक्सपी घरोघर आली. त्यांतल्या एकीतही स्वतःचा अँटिव्हायरस नव्हता.

ती गरज पुण्यातल्या दोन भावांनी ओळखली. दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि कॉम्प्युटर शिकलेले त्यांचे धाकटे भाऊ संजय. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा व्हायरस सापडत होते, म्हणून त्यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात गेली. मराठी माणसानं अभिमानानं सांगावी अशीच ही गोष्ट आहे, आणि ज्या काळात ती घडली त्या काळात त्या डबीतली सीडी विकत घेणारा शहाणाच होता.

पेन ड्राइव्हचे दिवस आठवा. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली की घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असायचे. पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय विंडोजमध्ये होती आणि अनेक व्हायरस तिच्यावरच जगत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेट पाठवून जुन्या विंडोजमधली ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद केली. लाखो घरांतली वाट एका फुकटच्या अपडेटनं बुजली.

त्याच सुमारास विंडोजही बदलत होतं. २००९ साली मायक्रोसॉफ्टनं ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा फुकट अँटिव्हायरस दिला आणि २०१२ साली विंडोज ८ पासून तो ‘डिफेंडर’ या नावानं विंडोजच्या आतच बसवला. सुरुवातीची वर्षं तो कच्चा होता, स्वतंत्र चाचण्यांत मागे पडायचा. तेव्हा त्याचं जे नाव खराब झालं ते दुकानदारांच्या तोंडी आजही आहे.

आजची स्थिती वेगळी आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली अचूकता अशा तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते. गेली काही वर्षं डिफेंडर १८ पैकी १८ किंवा त्याच्या अगदी जवळ असतो. पैसे देऊन घ्यायच्या नामवंत अँटिव्हायरसांनाही तेवढेच गुण मिळतात. संरक्षणात जवळपास बरोबरी असेल तर घरच्या ग्राहकानं जास्तीचे पैसे नक्की कशासाठी द्यायचे, हे विकणाऱ्यानं सांगावं.

डिफेंडरची उणी बाजूही सांगायला हवी. त्याची बरीच ताकद इंटरनेटच्या पलीकडे, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. नेट बंद असताना त्याची पकड स्पष्टपणे कमी होते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था ऑफलाइन चाचणी वेगळी घेते, तिथे हा फरक दिसतो. ज्या गावात नेट दिवसातून चार वेळा जातं आणि फाइली पेन ड्राइव्हवरूनच फिरतात, तिथल्या माणसानं वेगळा अँटिव्हायरस घेतला तर त्याला कारण आहे. शहरातल्या ब्रॉडबँडवाल्या घराला ते कारण लागू नाही.

* * *

आता जाहिरातीतल्या ‘संपूर्ण सुरक्षा’ या शब्दांकडे वळू.

कोणताही अँटिव्हायरस संपूर्ण सुरक्षा देऊ शकत नाही, आणि हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानं १९८०च्या दशकातच दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा आणि निर्दोष प्रोग्रॅमवर कधीच आळ न घेणारा प्रोग्रॅम लिहिता येणार नाही. अँटिव्हायरस तीन गोष्टी करतो. माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणा फाइलींत शोधतो, प्रोग्रॅमचं वागणं संशयास्पद आहे का ते पाहतो आणि शंका आली तर कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. तिन्ही उपयोगी आहेत. तिन्हींतून काही ना काही निसटतं. डबीवर ‘टोटल’ छापल्यानं ते निसटणं थांबत नाही.

घरच्या कॉम्प्युटरचं नुकसान प्रत्यक्षात होतं कसं? ढोबळ मानानं तीन वाटांनी, आणि या तिन्ही वाटांवर अँटिव्हायरसचा ब्रँड हा सर्वांत कमी महत्त्वाचा मुद्दा आहे.

पहिली वाट क्रॅकची. कॉम्प्युटरवाला येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, फोटोशॉप टाकतो, सगळं क्रॅक केलेलं. मग त्याच मशीनवर खरा किंवा तोही क्रॅक केलेला अँटिव्हायरस टाकून देतो. क्रॅक बसवण्याची पहिली पायरी काय असते? ‘अँटिव्हायरस बंद करा.’ ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याचा प्रोग्रॅम आपण आपल्या हातानं, राखण बाजूला काढून, सगळे अधिकार देऊन चालवतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डेजाव्हू’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या रॅन्समवेअरनं जगभरातल्या घरगुती कॉम्प्युटरांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या, तो मुख्यतः अशाच क्रॅक आणि की-जनरेटरमधून पसरला. मुलीच्या बारशापासूनचे फोटो एका रात्रीत उघडेनासे होतात आणि खंडणीची चिठ्ठी उरते. डीटीपीवाले, छोटे फोटो स्टुडिओ, क्लासवाले, तुमच्यासाठी हे विशेष लिहितो आहे. तुमच्या धंद्याची कित्येक वर्षं त्या डिस्कवर आहेत. अधिकृत सॉफ्टवेअर परवडत नसेल तर लिब्रेऑफिस, जिम्प, इंकस्केप, स्क्रायबस फुकट आहेत, युनिकोड मराठी चालवतात आणि पूर्ण कायदेशीर आहेत.

दुसरी वाट शिळ्या विंडोजची. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून शिरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर बंद पडले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांना त्या भगदाडातून धोका उरला नव्हता. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या हत्यारांतलं एक हेच भगदाड होतं. त्यानं मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प केला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही बंद पाडलं.

हे विंडोज १० वापरणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत आणि त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर तुमच्या मशीनमधली नवी भगदाडं बुजत नाहीत. अशा मशीनवर तीन वर्षांचा अँटिव्हायरस विकणं हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. मशीन विंडोज ११ चालवण्याजोगं नसेल आणि वापर ब्राउझर, मेल, यूट्यूब एवढाच असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घ्या. पैसे लागत नाहीत आणि अपडेट येत राहतात.

तिसरी वाट फोनच्या पलीकडून बोलणाऱ्या माणसाची. “तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय.” “मी बँकेतून बोलतोय, एनीडेस्क डाउनलोड करा.” एनीडेस्क हा व्हायरस नाही, दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवण्यासाठी कार्यालयं रोज वापरतात ते अधिकृत सॉफ्टवेअर आहे. म्हणून अँटिव्हायरस त्याला अडवत नाही. पासवर्ड तुम्ही स्वतः टाकता, ओटीपी तुम्ही स्वतः सांगता, पैसे तुम्ही स्वतः पाठवता. जगातला सर्वांत महाग अँटिव्हायरस तिथे गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नसतं. आजच्या घडीला निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते ती बहुतेक वेळा या वाटेनं. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर फिरवायचा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यांत पैसे गोठवण्याची शक्यता जास्त.

* * *

भीती दाखवून विकणं हा वेगळाच गुन्हेगारीचा प्रकार आहे, आणि त्यात खऱ्या कंपन्यांची नावं वापरली जातात.

वेबसाइटवर एक चौकट येते, ‘बातम्या दाखवू का? परवानगी द्या’. चुकून ‘अलाऊ’ दाबलं जातं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात नोटिफिकेशन सुरू होतात: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, मॅकॅफी संपला आहे, लगेच स्वच्छ करा. घरात मॅकॅफी कधी नव्हताच, तरी संपल्याची सूचना येते. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नसतो. ती फक्त त्या वेबसाइटला दिलेली परवानगी असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. यासाठी कोणी पाचशे रुपये घेत असेल तर देऊ नका.

दुसरा प्रकार मेलचा. ‘तुमचं नॉर्टन रिन्यू झालं, अमुक रक्कम कापली, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा.’ रक्कम कापलेली नसते. फोन केला की मात्र कापली जाते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण हे फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला फसवण्याच्या १३ युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. खोटी घाई लावणं त्यात आहे. नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं त्यात आहे. वर्गणीतून बाहेर पडायची वाट लपवणं त्यात आहे. आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं खोटंच भासवून पैसे उकळणं, हीसुद्धा त्यात स्वतंत्र नोंदवलेली युक्ती आहे. म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेली ट्रायल संपल्यावर ‘तुम्ही धोक्यात आहात’ असं जो अँटिव्हायरस रोज ओरडतो, त्याला उत्तर विचारायला ग्राहकाकडे कागद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रारी गेल्याच नाहीत तर प्राधिकरण हलणार कसं? एक तक्रार करा.

* * *

अँटिव्हायरसला कॉम्प्युटरमधल्या सर्वांत खोलवरच्या परवानग्या असतात. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या ठेवायच्या तर तो कोण, कुठला, आधी कुठे होता, हे आपण दहा जणांना विचारतो. इथे मात्र आपण ‘ऑफर आहे’ एवढ्यावर किल्ल्या देतो. मग या धंद्याचा इतिहासही वाचायला हवा.

अव्हास्ट हा कोट्यवधी घरांत असलेला फुकट अँटिव्हायरस. लोक कोणत्या वेबसाइट पाहतात याची माहिती तो गोळा करत होता आणि जम्पशॉट नावाची त्याची उपकंपनी ती विकत होती. २०२०च्या सुरुवातीला हे उघड झाल्यावर उपकंपनी बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलरची रक्कम भरायला लावली. खासगीपणा जपण्यासाठी ज्याला घरात घेतलं त्यानंच तो विकला.

नॉर्टननं २०२१ मध्ये आपल्या अँटिव्हायरसमध्ये क्रिप्टो चलन खणण्याची सोय घातली. चालू करणं ग्राहकाच्या हातात होतं हे खरं, पण वीजबिल ग्राहकाचं आणि मिळकतीतले १५ टक्के कंपनीचे. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला जागा असायलाच नको होती.

२०२४ मध्ये उघड झालं की मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसची अपडेट कूटबद्ध नसलेल्या जोडणीवरून येत होती आणि हल्लेखोरांनी मध्येच अपडेट बदलून काही मशीनमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम घुसवला. अमेरिकेनं त्याच वर्षी कॅस्परस्कीवर बंदी घातली आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या अनेक ग्राहकांच्या मशीनवर कॅस्परस्की जाऊन ‘अल्ट्राएव्ही’ नावाचा दुसराच अँटिव्हायरस आपोआप बसलेला दिसला. १९ जुलै २०२४ला कंपन्यांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्राउडस्ट्राइक या सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. व्हायरस कुठेच नव्हता. बिघाड राखणदाराकडून झाला होता.

आणखी एक गोष्ट निवडताना उपयोगी पडेल. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं दुकानात एकमेकांची स्पर्धक म्हणून मांडलेली दिसतात. चौघांची मालक एकच, जेन डिजिटल. चौघांची तुलना करण्यात रात्र घालवू नका.

यातून सगळे अँटिव्हायरस वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. निष्कर्ष एवढाच की अँटिव्हायरस घरात घेणं ही विश्वासाची बाब आहे, आणि ज्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर आपण आधीच विश्वास टाकलेला आहे तिच्या जोडीला आणखी एका कंपनीला तेवढेच अधिकार द्यायचे तर त्यामागे ठोस कारण हवं.

* * *

अशी कारणं असतात. घरूनच अकाउंटचं काम चालतं, टॅलीत पन्नास ग्राहकांचे हिशेब आहेत, रोज अनोळखी मेलमधल्या फाइली उघडाव्या लागतात. नेट बेभरवशाचं आहे, पेन ड्राइव्ह सतत ये-जा करतात. अडचण आली तर मराठीत बोलणारा माणूस फोनवर किंवा घरी हवा आहे आणि घरात दुसरं कोणी मदतीला नाही. ही खरी कारणं आहेत. शेवटच्या कारणासाठी मी तर म्हणेन, सॉफ्टवेअरपेक्षा त्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

मग घ्यायचा तर असा घ्या. एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांचे अलीकडचे दोन-तीन निकाल बघा. एकाच महिन्याचा पहिला नंबर फसवा असतो, सातत्य बघा. संरक्षणाइतकीच चुकीच्या इशाऱ्यांची संख्या बघा. निर्दोष फाइलींना व्हायरस म्हणणाऱ्या अँटिव्हायरसमुळे शेवटी घरातले लोक सगळेच इशारे बंद करतात. किंमत बघाल ती दुसऱ्या वर्षाची, कारण पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतर नूतनीकरण पुष्कळदा बरंच महाग असतं. कार्डावर ऑटो-रिन्यू चालू असेल तर बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, तो मेसेज न वाचता पुसू नका. व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, ‘पीसी क्लीनर’ अशी शेपटं लावलेला महाग संच घेऊ नका. विंडोजचा वेग वाढवून देणाऱ्या क्लीनरची गरज कोणालाच नाही.

दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नका. दोघं एकमेकांच्या कामात आडवे येतात आणि मशीन रांगायला लागतं. दुसरा टाकला की डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो, तो काढला की परत येतो. लॅपटॉपबरोबर आलेली ट्रायल काढायची तर आधी सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. अवशेष उरले तर त्याच कंपनीच्या साइटवर ते साफ करणारं टूल मिळतं.

टाकलेला अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासायचीही सोय आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती आयकार याच नावाच्या संस्थेच्या साइटवर मिळते. अँटिव्हायरसनं ती पकडलीच पाहिजे, असं या धंद्यात सर्वांनी मान्य केलेलं आहे. डाउनलोड करून बघा. गप्प राहिला तर राखण झोपलेली आहे.

मशीनमध्ये काही शिरल्याची शंका असेल तर केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ पासून सफाईची साधनं फुकट देतं. ती क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांच्याच सहकार्यानं बनलेली आहेत. फॉरमॅट मारायच्या आधी ती चालवून बघा. रॅन्समवेअरनं फाइली बंद केल्या असतील तर युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर त्या रॅन्समवेअरची किल्ली उपलब्ध आहे का ते शोधा. खंडणी भरायची नाही.

* * *

आता कामाचं. येत्या सुट्टीच्या दिवशी एक तास काढा.

विंडोज अपडेट उघडा, साचलेलं सगळं घ्या, मशीन रीस्टार्ट करा. ‘नंतर’ हे बटण या घरात आजपासून वर्ज्य.

विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टँपर प्रोटेक्शन चालू आहे याची खात्री करा. क्रॅकवाल्यानं बंद केलं असेल तर इथेच कळेल. त्याच पानावर खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, त्यात ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. हे बटण मुळात बंद असतं, चालू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फोल्डरांत हात घालता येत नाही. एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ते अडवेल, तेव्हा त्याला नावानिशी परवानगी द्या.

रोजच्या वापरासाठी साधं खातं करा, ॲडमिनचं वेगळं ठेवा आणि त्याचा पासवर्ड घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. मुलांनी गेम म्हणून काहीही उतरवलं तरी ते पूर्ण विंडोजवर हुकूम चालवू शकणार नाही.

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं विश्वासू एक्स्टेन्शन टाका. ‘डाउनलोड’ लिहिलेली खोटी हिरवी बटणं त्या जाहिरातींमध्येच असतात. मेलला आणि बँकेला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

आणि अँटिव्हायरससाठी बाजूला काढलेल्या पैशांत भर घालून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फोटो, दाखले, सातबारा, पीएफचे कागद, शोधनिबंध, आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग, जे जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं त्यावर उतरवा. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. ती कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरही चालतं. महिन्यातून एकदा हे करा. सर्वांत जपायच्या फाइलींची आणखी एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे असू द्या. अँटिव्हायरस चुकला, विंडोज चुकलं, तुम्ही चुकलात, डिस्कच जळाली, तरी या प्रती राहतात. अँटिव्हायरसच्या कोणत्याही कंपनीला ही हमी देता येत नाही.

शेवटी तीन मागण्या, तिघांकडे.

दुकानदारांनो, अँटिव्हायरस विकायचा तर बिलावर वेगळी ओळ लिहा, आणि विंडोजमध्ये अँटिव्हायरस आधीच आहे हे ग्राहकाला तोंडानं सांगा. त्यानंतरही त्यानं घेतला तर तो खरा सौदा.

शाळा, क्लास आणि एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या केंद्रांनो, अँटिव्हायरस म्हणजे काय ही व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वतःच्या फाइलींचा बॅकअप घेऊन, मूळ फाइल पुसून, ती परत आणून दाखवण्याची परीक्षा घ्या. हे ज्याला जमलं तो कॉम्प्युटर शिकला.

आणि परगावी, परदेशी असलेल्या मुलामुलींनो, आईवडिलांच्या लॅपटॉपवर लाल चौकट आली की “रिन्यू करून टाका” असं म्हणून फोन ठेवू नका. व्हिडिओ कॉलवर तासभर बसा, वर लिहिलेलं सगळं त्यांच्याच हातानं करून घ्या, आणि अनोळखी माणसानं फोनवर घाई केली तर आधी तुम्हाला फोन करायचा, हा घरातला नियम ठरवून टाका.